उताराचा परवाना

२ फेब्रुवारी

धाकट्या,

घरात फोन असताना वहिनीने पत्र का लिहिलं, या विचारानेच तू घाबरशील. पण फोन असतो यांच्या खाटेच्या उशाशी, आणि यांचे कान अजून ठणठणीत आहेत. म्हणून रोपवाटिकेत, पत्र्याखाली, उपड्या टोपलीवर कागद ठेवून लिहिते आहे. हाताला माती आहे, अक्षराला नावं ठेवू नकोस.

सरळच सांगते. तुझे दादा या दुखण्यातून उठायचे नाहीत. डॉक्टरांनी मला व्हरांड्यात नेऊन सांगितलं, "पावसाळा बघतील असं धरून चालू नका." यांना काही सांगितलेलं नाही. यांना वाटतं पोटात व्रण आहे, पथ्य पाळलं की बरा होईल. पथ्यही पाळत नाहीत, ते सोड.

आता मागणी. घरामागच्या उतारावर झाडं लावायच्या परवान्यासाठी आम्ही गेल्या वर्षी अर्ज केला, हे तुला ठाऊक आहेच. तो उतार बोडका झाल्यापासून दर पावसात माती खाली येते. मागच्या खेपेला स्वयंपाकघरात घोटाभर चिखल होता. तेव्हापासून यांनी ध्यास घेतलाय की हा उतार झाडांनी बांधून काढायचा. खाट मागच्या खिडकीशी लावून घेतली आहे. सकाळी डोळे उघडले की आधी उताराकडे बघतात आणि मग मला विचारतात, "टपाल आलं का?"

पेपरात वाचलं की सरकार आता झाडं लावायचे परवाने झटपट देणार, वर्षांचं काम आठवड्यांत होणार. आणि ते खातं तर तुझंच. बिनपरवान्याची लावू म्हटलं तर हे मला घराबाहेर काढतील. तेव्हा तूच काहीतरी कर. सगळी झाडं नकोत रे, खिडकीतून दिसतील एवढी यांच्या डोळ्यांदेखत उभी राहू देत. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही.

तुझी वहिनी


१० फेब्रुवारी

वहिनी, नमस्कार.

पत्र ऑफिसात मिळालं. वाचलं आणि जिन्यात जाऊन बसलो. शिपाई पाणी घेऊन आला, काय झालं विचारत होता. काय सांगणार? एप्रिलमध्ये रजा मिळेल तसा येतो. त्याआधी अचानक आलो तर दादाला वास लागेल, हे तुम्ही न सांगताही कळतंय.

पेपरात आलंय ते खरं आहे. पूर्वी अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायचा. पाणीवाले झाले की मातीवाले, मग पक्ष्यांचे, मग रस्त्यांचे. सगळ्यांचे शिक्के पडेपर्यंत रोपं पिशवीतच म्हातारी व्हायची. आता सगळे एकाच टेबलाभोवती बसतात. ज्याला हरकत घ्यायची त्याने ठरल्या मुदतीत घ्यायची, नाहीतर परवाना दिला असं धरायचं. मी या कामासाठी वर्षभर राबलोय.

पण या नव्या वाटेला एक अट आहे. खात्यातल्या माणसाच्या नातेवाइकाचा अर्ज तिच्यावरून जात नाही. तो जुन्याच वाटेने, दुसऱ्या जिल्ह्याच्या कचेरीतून तपासून येतो. वहिनी, ती अट मीच लिहिली. मसुदा माझ्याकडे होता. झटपट म्हटलं की लोक म्हणणारच, साहेबांच्या मेहुण्याला आधी मिळाला. तोंडं बंद व्हावीत म्हणून मी ते दारच बंद केलं.

लिहिताना डोळ्यांपुढे दादाच होता. तो बाजारच्या वजनकाट्यावर होता, तुम्ही नुकत्याच आपल्या घरात आला होतात. मामांच्या धान्याची गाडी घेऊन मी ऐटीत गेलो होतो, भाऊच काट्यावर म्हटल्यावर आपल्याला कोण अडवतंय! त्याने सगळ्यांदेखत मला रांगेच्या शेपटाला पाठवलं. घरी आल्यावर म्हणाला, "मापात पाप करायचं नाही, आणि रांगेतही नाही." रडलो होतो, तुम्हीच जेवायला वाढलं होतंत.

त्या अटीत आजवर एकच अर्ज अडकला आहे. तो दादाचा.

तुमचा,
धाकटा


१९ फेब्रुवारी

धाकट्या,

धन्य आहात दोघे भाऊ! जगाला परवाने वाटायचे आणि घरच्याला दारात उभं करायचं. आंबा कापून सगळ्यांना वाटला आणि कोय चोखायलाही घरात ठेवली नाहीस.

झाड तोडायला परवाना लागतो हे मला कळतं. लावायलाही का लागतो, ते तू मागे समजावलं होतंस. कोणीतरी डोंगरभर एकाच जातीची झाडं लावली आणि खालच्या गावाचा झरा आटला. बरं, मान्य. पण आमचा उतार म्हणजे डोंगर आहे का? तुती, अंजीर, अक्रोड, थोडी नुसती माती धरणारी झुडपं. यात कोणाचा झरा आटतोय?

आपल्या गल्लीतल्या पाववाल्याने बेकरीमागच्या माळासाठी आत्ता आत्ता अर्ज केला होता. परवा त्याला परवाना आलासुद्धा. बिचारा आनंदाने गरम पाव घेऊन धावत आला आणि कागद यांच्या हातात दिला. यांनी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. म्हणाले, "छान काम चाललंय हं धाकट्याच्या खात्यात." मला भडभडून आलं, मी पाव घेऊन आत गेले.

आणि माझी रोपं? पिशवीत जास्त दिवस राहिली की मुळं तळाशी गोल गोल फिरतात आणि स्वतःलाच आवळतात. वरून हिरवीगार दिसतात, पण जमिनीत गेल्यावर धरत नाहीत. मी दोन वेळा पिशव्या बदलल्या, मुळं छाटली. आणखी एकदा छाटली तर निम्मी मरतील.

तो नियम काही आभाळातून पडलेला नाही. तूच लिहिलास ना? मग तूच बदल.

वहिनी


२७ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं बरोबर आहे. नियम बदलता येईल, आणि एका वाक्याचं काम आहे. नातेवाइकाचा अर्ज दुसऱ्याने तपासावा, पण मुदत सगळ्यांना तीच असावी. बस. पहिल्यापासून असंच लिहायला हवं होतं, हे तुमचं पत्र वाचेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नाही. मी शहाणपणाच्या भरात काय लिहून बसलो!

पण आज तो बदलला तर कोणासाठी बदलला असं होईल? अडकलेला अर्ज एकच, तोही माझ्या भावाचा. असं वाक्य मी आमच्या खात्याच्या प्रमुख मॅडमपुढे कोणत्या तोंडाने ठेवू?

म्हणून दुसरं ठरवलंय. नियमाला हात न लावता मॅडमना भेटतो. आजार गंभीर आहे, एवढ्या एका अर्जापुरता अपवाद करा, असं सरळ सांगतो. त्या माणूस म्हणून चांगल्या आहेत. सोमवारी जातो. वहिनी, आयुष्यात पहिल्यांदा कोणाकडे शब्द टाकणार आहे. पण दादासाठी एवढं करणार. रोपांना सांगा, तग धरा म्हणावं.

धाकटा


१ मार्च

धाकट्या,

हे पत्र पाववाला टाकतो आहे, तुझ्या वहिनीला माहीत नाही. झोपून लिहितो आहे म्हणून ओळी खाली घसरतात.

ती तुला पत्रं लिहिते हे मला कळलंय. वाचलेली नाहीत, वाचायची गरजही नाही. रोपवाटिकेतून येते तेव्हा बोटांना मातीबरोबर शाई असते. आणि काय लिहिते तेही कळतं. गेला महिनाभर ती माझ्यावर ओरडलेली नाही. परवा तिच्यादेखत चमचाभर साखर खाल्ली, तरी गप्प! एवढ्यावरून माणसाला समजतं की आपलं काय होणार आहे. शिवाय डॉक्टर व्हरांड्यात जाऊन कुजबुजतात, पण व्हरांड्याची खिडकी उघडीच असते. तिला वाटतं मला ठाऊक नाही. वाटू दे. मला ठाऊक आहे हे कळलं तर तिला लपून रडायलाही जागा उरणार नाही.

आता नीट ऐक. माझा अर्ज पुढे सरकवायचा नाही. कोणापुढे तोंड उघडायचं नाही. तू उघडणार होतास ना? तुला मी तुझ्यापेक्षा जास्त ओळखतो.

काट्यावर बसून मी किती लोकांना मागे पाठवलं. एकाची बायको दवाखान्यात अडली होती, तो पाया पडत होता. त्यालाही म्हटलं, पुढच्यांना विचार, ते देत असतील तर जा. मी नाही सोडला. बरोबर केलं की चूक, ते अजून मला सांगता येत नाही. पण त्याला अडवलं आणि आता स्वतः मरताना भावाच्या वशिल्याने पुढे घुसलो, तर त्याच्यापुढे माझी मान वर होणार नाही. तो आहे कुठे तेही मला माहीत नाही, पण तरी.

झाडं बघायची इच्छा आहे. खोटं कशाला बोलू, फार आहे. दिवसभर त्या उताराकडे बघून मनातल्या मनात लावत असतो. इथे तुती, तिथे अक्रोड. तुझ्या वहिनीला सावली कुठे पडेल तेही ठरवलंय. पण इच्छा आहे म्हणून हक्क होत नाही.

ती तुझ्यावर रागावेल. रागावू दे, आणि मी लिहिल्याचं सांगू नकोस. तेवढं माझ्यासाठी सोस. रजा मिळाली की ये, पत्ते खेळू. तू हरशील.

दादा


७ मार्च

वहिनी,

सोमवारी मी मॅडमच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. विचारलं नाही. आता विचारणारही नाही.

का, ते मला विचारू नका. मला सांगता येणार नाही. माझ्याबद्दल जे वाटेल ते वाटू द्या, तुमचा तो अधिकार आहे.

एप्रिलमध्ये येतो.

धाकटा


२९ एप्रिल

भाऊजी,

तुम्ही येऊन गेलात. यांच्याशी पत्ते खेळलात, हसलात, यांच्या पायांना तेल चोळलंत. आणि ज्यासाठी मी तुमच्यापुढे पदर पसरला, त्याबद्दल एक शब्द काढला नाहीत. निघताना दारात थांबलात, मला वाटलं आता तरी काही बोलाल. चपलाच शोधत होतात.

तुमची नोकरी सांभाळा. तुमचं नाव स्वच्छ राहो. मी माझं बघितलं आहे.

तुम्ही गेल्यावर चार दिवसांनी मी यांना सांगितलं की परवाना आला. पाववाल्याचा कागद लांबून दाखवला, चष्मा मुद्दामच दिला नाही. यांनी पहिला प्रश्न काय विचारावा? "धाकट्याने मध्ये हात तर नाही ना घातला?" मी म्हटलं, "छे हो, त्याला पत्तासुद्धा नाही." तुमची अब्रू राखली.

मग पाववाला, त्याची बायको आणि मी, आम्ही खिडकीसमोर एक रांग लावली. ओल नव्हती, कावडीने पाणी वाहिलं. मुळं सोडवताना माझी बोटं फुटली. बरीचशी तुतीची आहेत, दोन अक्रोड. हे खाटेवरून हुकूम सोडत होते, "डावीकडे घे, अजून डावीकडे!" किती दिवसांनी एवढा मोठा आवाज काढला असेल.

तुमच्या कायद्यात हा गुन्हा आहे. खात्याचे आहात, खात्याला कळवायचं असेल तर कळवा. मी इथेच आहे.

सौ. वहिनी


४ जून

धाकट्या,

तू परत गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणत होते. त्या दिवसांत घर माणसांनी भरलेलं होतं, आणि तू कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेला. तुझ्याजवळ येऊन बसायचं होतं, पण पाय उचलला नाही. काय तोंडाने येणार होते?

हे गेले त्याच्या आदल्या दुपारची गोष्ट. उशीला टेकवून बसवलं होतं. रांगेतल्या एका तुतीला नवी पानं फुटली होती, ती बघत होते. मध्येच म्हणाले, "परवाना आला की धाकट्याला कळव."

मी म्हटलं, "अहो, असं काय करता? आला नाही का? मी दाखवला तुम्हाला."

हसले. म्हणाले, "सगळ्या संसारात तोंडावर एकदाच खोटं बोललीस आणि तेही तुला जमलं नाही. बेकरीच्या मैद्याचे डाग होते त्या कागदावर."

मी खाटेच्या कडेला बसले. म्हटलं, "मग ओरडला का नाहीत? उपटून टाक का नाही म्हणालात?" तर म्हणाले, "तुझी बोटं फुटलेली बघितली. आणि झाडं छान दिसत होती गं." थोड्या वेळाने म्हणाले, "नियम मी माझ्यासाठी पाळला. तुझ्यावर का लादायचा?"

मग तुझं सांगितलं. तू मॅडमकडे जाणार होतास, यांनीच पत्र लिहून तुला अडवलं आणि मला सांगू नकोस म्हणून बजावलं. दुखण्याचंही यांना सगळं पहिल्यापासून माहीत होतं. मी मूर्ख, रोज तोंड धुऊन हसत हसत खोलीत जायची.

धाकट्या, मी तुला भाऊजी म्हटलं, तुम्ही म्हटलं. तू ते मुकाट्याने गिळलंस. मला माफ कर म्हणायचीही लाज वाटते. तू माझ्या हातचं जेवून वाढलेला, आणि मी तुला ओळखलं नाही.

परवाना काल आला. यांच्या नावाचा. पोस्टमनने विचारलं, सही कोण करणार? मी केली. खाली लिहिलंय की परवानाधारक हयात नसल्यास वारसाने नव्याने अर्ज करावा. आजच टपालात टाकते आहे, माझ्या नावाने. त्यात विचारलंय, जागेवर आधी लागवड केली आहे का? मी लिहिलं: हो, एक रांग, परवान्याशिवाय, मी स्वतः लावली. दंड होवो, काही होवो. उपटायला लावलीच तर तू ये, माझ्याच्याने एकटीने व्हायचं नाही.

तुझी वहिनी


१८ जून

वहिनी, नमस्कार.

तुमचं पत्र उशाशी ठेवलंय. माफी वगैरे पुन्हा लिहू नका. तुम्ही रागावलात त्याचं मला वाईट वाटलं, खूप वाटलं. पण तुम्ही रागावला नसतात तर दादासाठी कोण रागावणार होतं? मी तर गप्पच होतो.

तो तुम्हाला सगळं सांगून गेला, हे बरं झालं. तुमचं पत्र येईपर्यंत मला वाटत होतं की हे आता जन्मभर माझ्याकडेच राहणार.

रांगेबद्दल खरं लिहिलंत ते योग्यच केलंत. तुमचा अर्ज दुसऱ्या जिल्ह्यातल्या एक बाई बघणार आहेत. मी त्यांना ओळखत नाही आणि भेटणारही नाही. उपटायची वेळ आलीच तर मी येईन. न आली तरी येईन. बाकीचा उतार लावायला माणसं लागतीलच.

एक सांगायचं राहिलं. दादाचा परवाना निघाला त्या दिवशी रांगेत आपलं कोणीच उरलं नाही. तुम्ही नवा अर्ज कराल हे मला ठाऊक होतं, म्हणजे तेवढेच काय ते मोकळे दिवस होते. दुसऱ्याच सकाळी ते वाक्य लिहून मॅडमपुढे ठेवलं: तपासणी दुसऱ्याने करावी, मुदत सगळ्यांना तीच. यापुढे कोणाचाही भाऊ त्या जुन्या वाटेवर अडकायचा नाही. तुमचा अर्जही सगळ्यांबरोबरच चालेल.

मॅडमनी वाचलं. म्हणाल्या, "एका वाक्याचं तर काम होतं. हे आधी का नाही आणलंस?"

मी म्हटलं, "माझा भाऊ रांगेत होता, मॅडम."

त्यांनी सही करता करता मान वर केली. म्हणाल्या, "मग तर आधीच आणायचं ना."

तुमचा,
धाकटा